चुलत्यांची गिरणी आणि तुमची सही

पत्राचा सारांश:

"ताई, मी चौतीस वर्षांचा आहे. वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये, नऊ वर्षांपासून कायम कामगार आहे. कंपनीत १६० कायम कामगार आणि ठेकेदाराकडचे सव्वादोनशेच्या आसपास कामगार आहेत. आजवर आमच्याकडे युनियन नव्हती. आता काही सहकाऱ्यांनी अर्ज तयार केला आहे आणि येत्या साप्ताहिक सुट्टीला बैठक ठेवली आहे. तोवर सही द्यायची की नाही हे ठरवायचे आहे. वडील म्हणतात, युनियनच्या नादी लागू नको. ७२ च्या दुष्काळात माझे थोरले चुलते मुंबईला जाऊन गिरणीत लागले होते आणि ८२ च्या संपात सगळे गमावून गावी परत आले. बायकोला हप्त्यांची काळजी आहे. तिचे आईवडील गेवराई तालुक्यातून दर वर्षी ऊसतोडीला जातात, त्यामुळे हातचे काम जाणे म्हणजे काय हे तिने जवळून पाहिले आहे. आमचे एचआरचे साहेब चांगले आहेत, अडचण सांगितली तर ऐकून घेतात. मग युनियनचा मला नेमका फायदा काय? आणि सही केल्यावर कामावरून काढले तर?"
— एक कामगार, रांजणगाव शेणपुंजी

स. न.

सही करावी, असे माझे मत आहे. हे मत मी आधीच सांगून टाकते, कारण सव्वीस वर्षे कामगार न्यायालयात कामगारांची वकील म्हणून उभी राहिल्यानंतर माझी बाजू कोणती हे झाकून तुम्हाला सल्ला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मात्र तुमच्या वडिलांची भीती खोटी नाही आणि तुमच्या पत्नीची काळजी तर मुळीच खोटी नाही. त्या दोघांना बाजूला सारून घेतलेला निर्णय घरात टिकत नाही, म्हणून त्यांनाही डोळ्यांसमोर ठेवून हे उत्तर लिहिते आहे.

तुमच्या पत्रातले साहेबांविषयीचे वाक्य मी दोनदा वाचले. ते चांगले असतील याबद्दल मला शंका नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या आपल्या तिन्ही औद्योगिक वसाहतींत असे अधिकारी मी पाहिले आहेत. पण साहेबांनी घरच्या आजारपणात तुम्हाला चार दिवस जास्तीची रजा दिली, तर ती त्यांची मर्जी झाली. उद्या त्यांची बदली झाली की ती मर्जी त्यांच्याबरोबर जाते आणि नव्या साहेबांसमोर तुम्हाला पुन्हा हात जोडून उभे राहावे लागते. युनियनचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा फायदा इथेच आहे: जे मागायला तुम्ही एकटे केबिनच्या दाराशी थांबता, ते लेखी करारात येते आणि मागणाऱ्याच्या स्वभावावर किंवा देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. युनियन मागणीपत्र देते, वाटाघाटी होतात आणि आपल्याकडे साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या मुदतीचा करार होतो, ज्यात पगारवाढीबरोबर रजा, कँटीन, बस, रात्रपाळीचा भत्ता, वैद्यकीय खर्च अशा गोष्टी कलमवार लिहिलेल्या असतात. कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यापुढे असा करार झाला, तर तो त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना लागू होतो. सभासद नसलेल्यांना आणि नंतर कामावर येणाऱ्यांनाही. तुमच्याजागी दहा वर्षांनी त्या प्रेसवर उभा राहणारा मुलगा त्या कागदाचा वारसदार असतो.

तुम्ही प्रेस शॉपमध्ये आहात हे वाचून मी थोडी अस्वस्थ झाले, कारण माझ्याकडे आलेल्या अपघातांच्या प्रकरणांत सर्वाधिक प्रकरणे प्रेस मशीनवरची होती आणि त्यांतले एक मला अजून विसरता आलेले नाही. हात प्रेसखाली राहू नयेत म्हणून मशीनला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणे असतात. एका कारखान्यात उत्पादनाचा आकडा वाढावा म्हणून त्यांपैकी एक तारेने बांधून ठेवले होते, म्हणजे एका हाताने माल लावायचा आणि दुसऱ्या हाताने मशीन चालवायची. हे सगळ्यांना माहीत होते. सुपरवायझरला तर नक्कीच माहीत होते. तेवीस वर्षांच्या एका मुलाची तीन बोटे गेली. कंपनीच्या लोकांनी त्याला लगेच गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेले, बिल भरले, घरी धान्य पोहोचवले आणि 'तुला पुन्हा कामावर घेऊ' असा शब्दही दिला. तेही लोक चांगलेच होते. फक्त अपघाताची नोंद झाली नाही आणि ईएसआयकडे, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेकडे, अहवाल गेला नाही. दीड वर्षाने व्यवस्थापन बदलले, मुलाला कामावरून कमी केले आणि तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ दाखवण्यासाठी फक्त तो हात होता.

कामावर झालेला अपघात रीतसर नोंदवला गेला, तर ईएसआयच्या कक्षेतील कामगाराला उपचाराच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो आणि कायमचे अपंगत्व आले तर कमावण्याची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. (ईएसआयसाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे, तुमचा पगार त्यापुढे गेला असेल, तर नुकसानभरपाईच्या वेगळ्या तरतुदी लागू होतात. तुम्ही नेमके कशात बसता हे आजच पगार पावतीवर पाहून ठेवा.) त्या मुलाला हे काहीही ठाऊक नव्हते आणि त्याच्या वतीने 'आधी नोंद करा, मग गाडी काढा' असे म्हणणारे त्या पाळीत कोणी नव्हते. बांधलेली तार सोडल्याशिवाय मशीन चालवणार नाही, असे एकट्या कामगाराने म्हटले तर तो आडमुठा ठरतो. तेच युनियनच्या प्रतिनिधीने लेखी दिले तर तो सुरक्षेचा मुद्दा होतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. पगारवाढीचा आकडा सगळेच विचारतात, पण माझ्या मनात युनियनचे मोल या एका गोष्टीने ठरलेले आहे.

शिस्तभंगाच्या चौकशीचेही तसेच आहे. चार्जशीट हातात पडल्यावर माणूस घाबरून काय लिहून देतो ते मी पाहिले आहे. 'माफी मागितली की मिटेल' असे सांगून घेतलेला कबुलीजबाब पुढे न्यायालयात त्याच्याविरुद्धच उभा राहतो. चौकशीत शेजारी बसणारा, साक्षीदाराला प्रश्न विचारणारा जाणता सहकारी युनियनमुळे मिळतो.

पैशाचे म्हणाल, तर कायदा तळ आखून देतो. बोनस किमान ८.३३ टक्के, जादा कामाला दुप्पट दर, किमान वेतनाची पातळी, हे सगळे तळाचे आकडे आहेत. तळापासून वर किती जायचे हे वाटाघाटीत ठरते आणि वाटाघाटीला बसायला दोन बाजू लागतात.

काही सहकारी तुम्हाला म्हणतील की युनियन नसतानाही आपल्याला आठवड्याची सुट्टी आणि पीएफ मिळतोच आहे. तुमची बैठक ज्या साप्ताहिक सुट्टीला होणार आहे, ती सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी मिळाली, आणि त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेऊन, सह्या गोळा करून ती मागितली होती. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी होते आणि त्यांच्या तेव्हाच्या मागण्यांत दुपारची अर्धा तास विश्रांती आणि पगार ठरलेल्या तारखेपर्यंत मिळावा एवढ्या साध्या गोष्टी होत्या. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज आपण ज्याला 'आपोआप मिळणारे' म्हणतो ते कोणीतरी सही करून, सभा घेऊन मागितलेले होते.

आता तुमच्या पत्नीविषयी. त्यांना जरूर सांगा की या बाबतीत त्यांच्या माहेरच्या माणसांचा अनुभव तुमच्यापेक्षा जुना आहे. ऊसतोड कामगाराला ना मस्टर, ना पगार पावती. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. तरीही तोडणीचा दर कोण्या एका कारखान्याच्या मर्जीवर राहिला नाही, तो राज्यभरासाठी साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यातील करारातून ठरत आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनांनी कोयता बंद ठेवण्याची तयारी दाखवल्यानंतर आणि वाटाघाटींच्या अनेक फेऱ्यांनंतर. ती वाढ पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही; थळात, पालात राहणाऱ्या त्या बायकांचे हाल मला माहीत आहेत. पण सासऱ्यांनी एकट्याने मुकादमाकडे टनामागे पाच रुपये मागितले असते तर काय उत्तर मिळाले असते, हे तुमच्या पत्नी तुमच्यापेक्षा चांगले सांगू शकतील. जालन्याच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या आडत बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांनाही कधी एक मालक नव्हता. माथाडी कामगारांच्या चळवळीमुळे १९६९ चा कायदा आला आणि मजुरीबरोबर मालकांकडून लेव्ही (मजुरीवरची जादा आकारणी) घेऊन मंडळामार्फत पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस देण्याची व्यवस्था झाली. तुमच्याकडे तर मस्टर आहे, नेमणुकीचे पत्र आहे, नऊ वर्षांची नोकरी आहे.

थोरल्या चुलत्यांची गोष्ट मात्र थांबून पाहायला हवी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली तो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो घरे उद्ध्वस्त झाली. हे सत्य तुमच्या वडिलांनी ते भोगणाऱ्या आपल्या भावाकडे पाहून जवळून अनुभवले आहे आणि कोणत्याही वकिलाने त्यांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्या संपाची एक मागणी फारशी सांगितली जात नाही, ती अशी की १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा. त्या कायद्याखाली मुंबईच्या गिरणी उद्योगात एकच युनियन प्रातिनिधिक मानली जात होती, वाटाघाटीचा अधिकार तिच्याकडेच होता आणि बहुसंख्य कामगारांना ती आपली वाटत नव्हती. गुप्त मतदानाने दुसरी निवडण्याचा मार्ग त्यांना नव्हता. म्हणजे तुमच्या चुलत्यांच्या गिरणीत युनियन होती, पण ती त्यांच्या हातात नव्हती. शिवाय यंत्रे जुनी झाली होती, कापड यंत्रमागांकडे वळू लागले होते आणि जमिनीला सोन्याचा भाव येणार होता, त्यामुळे गिरणी बंद राहिली तरी अनेक मालकांना घाई नव्हती. मालकाला घाई नसताना मुदत न ठरवता केलेला संप कामगारालाच खातो, हे मी तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगते आणि तुम्हालाही सांगते. संप हे शेवटचे साधन आहे. मी पाहिलेल्या बहुतेक वेतन करारांत एक दिवसही मशीन बंद पडली नव्हती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. संघटना स्थापन करण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे. युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला कामावरून काढण्याची धमकी देणे, किंवा व्यवस्थापनाने आपल्या खिशातली युनियन उभी करणे, याला महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यातच 'अनुचित कामगार प्रथा' असे नाव दिले होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही त्या प्रथा नोंदलेल्या आहेत. तरीही खोटा धीर मी देणार नाही. कारण दाखवताना कोणतीही कंपनी 'युनियन' असे लिहीत नाही. ती गैरहजेरी लिहिते, कमी उत्पादन लिहिते, दुसऱ्या विभागात बदली करते. अशा प्रकरणांत न्यायालयातून न्याय मिळायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत हप्ते थांबत नाहीत. म्हणून खरे संरक्षण संख्येचे आहे. नोंदणीसाठी किमान सात सभासदांनी अर्ज करावा लागतो आणि आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. तुमच्या १६० कायम कामगारांचे १० टक्के म्हणजे १६, ठेकेदाराचे धरले तरी चाळिसाच्या आत. पण सोळा सह्यांवर अर्ज देणे मी धोक्याचे समजते. एकापेक्षा अधिक युनियन असतील, तर वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवायला मस्टरवरील ५१ टक्के कामगार पाठीशी असावे लागतात, म्हणजे १६० कायम कामगार धरले तरी निदान ८२. तेवढ्या सह्या झाल्यावरच अर्ज बाहेर काढावा, असे बैठकीत सुचवा. पंधरा जणांना वेगळे काढता येते, शंभर जणांना काढता येत नाही.

तोवर तुमची स्वतःची वागणूक स्वच्छ ठेवा. कामाच्या वेळेत युनियनचे बोलू नका, गैरहजेरी टाळा, नेमणूक पत्र, पगार पावत्या, ओळखपत्र यांच्या प्रती घरी ठेवा आणि कोऱ्या कागदावर कोणालाही, सहकाऱ्यालासुद्धा, सही देऊ नका. कोणी उत्साहाच्या भरात 'सगळे मिळून एक दिवस रजा टाकू' म्हणाले तर थांबवा, कारण नव्या संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हा संपच मानला जातो आणि संपासाठी आता १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दुर्दैवाने काढलेच, तर दोन वर्षांच्या आत दाद मागायला हवी. किती तरी कामगार 'साहेब परत घेतील' या आशेवर ही मुदत घालवून माझ्याकडे आले आहेत.

सहीनंतरचे काम मला सहीपेक्षा मोठे वाटते. युनियन बिघडते ती आतून, आणि याची उदाहरणे आपल्या वसाहतींतही आहेत: करार गुपचूप झाला, वर्गणीचा हिशेब कोणी पाहिला नाही, एकच नेता वीस वर्षे खुर्चीत राहिला आणि शेवटी कामगारांनाच त्याच्याकडे रजेसाठी चिठ्ठी मागावी लागली. तुमच्यासारख्या कारखान्याच्या युनियनमध्ये बाहेरचे पदाधिकारी एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल त्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत. म्हणजे कायद्यानेच बाकी खुर्च्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत, त्या रिकाम्या सोडू नका. प्रत्येक वर्गणीची पावती मागा. सभासदाला हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार आहे, तो वर्षातून एकदा तरी वापरा, म्हणजे खजिनदारालाही सवय लागते. कराराचा मसुदा सही होण्याआधी सर्वसाधारण सभेत मराठीत वाचून दाखवावा, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.

आणि त्या सव्वादोनशे जणांना विसरू नका. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत संपला, याचे मला वाईट वाटले. तेही त्याच प्रेसवर, त्याच तेलकट जमिनीवर उभे असतात आणि बोट गेले तर सर्वांत आधी त्यांनाच गेटबाहेर काढले जाते. कायम कामगारांनी आपला करार करून घ्यायचा आणि वाढलेल्या पगाराची भरपाई म्हणून पुढची भरती ठेकेदाराकडून होऊ द्यायची, हे मी वाळूजमध्ये इतक्या वेळा पाहिले आहे की त्या युनियन आज मूठभर वयस्कर माणसांच्या उरल्या आहेत. वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे हीदेखील अनुचित प्रथांच्या यादीतली गोष्ट आहे. तुमच्या पहिल्या मागणीपत्रात त्यांच्या सुरक्षा साधनांचे, पगार पावतीचे आणि ईएसआय नोंदणीचे कलम असावे. सर्व मागण्या एकदम मान्य होणार नाहीत. हे कलम मात्र सोडू नका.

येत्या सुट्टीला बैठकीला जाताना थोरल्या चुलत्यांची तब्येत ठीक असेल, तर त्यांना गावाहून बोलावून सोबत घेऊन जा. आधी घरी, वडिलांसमोर, त्यांना एवढेच विचारा की त्या वेळी युनियन निवडण्यासाठी मत देता आले असते तर त्यांनी काय केले असते. मग बैठकीत त्यांना बोलू द्या, संप कसा चालला, कोणी कधी काय ठरवले, त्यांना कधी विचारले गेले आणि कधी नाही. तुमच्या सहकाऱ्यांना हे माझ्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकण्याची अधिक गरज आहे. ते काय म्हणाले, हे मला जरूर कळवा.